कांजिण्यांचे वण: डाग वेगळा, खड्डा वेगळा

कांजिण्या व्हॅरिसेला झोस्टर या विषाणूमुळे होतात. पुरळ उठल्यावर चार-पाच दिवस नवे फोड येत राहतात, जुन्या फोडांवर खपल्या धरतात आणि पुढे त्या आपोआप गळून पडतात. बहुतेक फोड खड्डा न ठेवता बरे होतात, कारण इजा बाह्यत्वचेपुरती असते आणि हा थर स्वतःला पुन्हा घडवू शकतो. मात्र फोड खाजवला, खपली वेळेआधी उचकटली किंवा जखमेत स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस असे जिवाणू शिरले, की दाह खालच्या अंतस्त्वचेत उतरतो. या थराला बळकटी देणारे कोलॅजन हे प्रथिन तिथे नष्ट होते. ते पुरेसे भरून आले नाही, तर त्या जागी कायमचा खड्डा पडतो.

म्हणून वणांवरचा पहिला उपाय आजारपणातच करायचा असतो. नखे कापलेली ठेवावीत, लहान बाळांना रात्री हातमोजे घालावेत, खाज शमवण्यासाठी कॅलामाइन लोशन लावावे. अंघोळ बंद ठेवण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. साध्या किंवा कोमट पाण्याची अंघोळ त्वचा स्वच्छ ठेवते. अंग मात्र चोळू नये, टॉवेलने अलगद टिपावे. खाज असह्य झाली किंवा फोडात पू दिसला, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. असायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध पुरळ उठल्यापासून 24 तासांच्या आत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. मोठ्या माणसांत हा आजार तीव्र असतो, त्यामुळे त्यांनी डॉक्टरांकडे जाण्यात वेळ घालवू नये.

खपल्या गळल्यावर राहिलेली खूण कोणत्या प्रकारची आहे, यावर पुढचे उपचार ठरतात. त्वचा सपाट असून रंगच गडद झाला असेल, तर तो डाग. दाहामुळे तिथे मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार झालेले असते. सावळ्या त्वचेत असे डाग अधिक दिसतात. पण बहुतेक डाग काही महिन्यांत फिके होतात. उन्हाने ते रेंगाळतात, म्हणून एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन रोज लावणे हा उपचाराचा पाया आहे. ॲझेलिक ॲसिड किंवा रात्री लावायचे रेटिनॉइड यांनी डाग लवकर उतरतात. हायड्रोक्विनोन प्रभावी असले, तरी ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मर्यादित काळच वापरावे.

खड्डा क्रीमने भरत नाही. जखमेतील कोलॅजनची पुनर्रचना कित्येक महिने सुरू असते आणि त्या काळात काही वण आपणहून उथळ होतात. त्यामुळे, विशेषतः मुलांच्या बाबतीत, उपचारांची घाई करू नये. पुढची पद्धत खड्ड्याच्या आकारावर ठरते. अरुंद आणि खोल खड्ड्याच्या तळाशी तीव्र ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाचा सूक्ष्म थेंब टेकवतात. त्यातून नवे कोलॅजन तयार होऊन तळ वर येतो. कांजिण्यांचे वण बऱ्याचदा गोल आणि ठळक कडांचे असतात. त्यांवर पंच शस्त्रक्रिया करतात: छोट्या गोल पात्याने वण काढून बारीक टाका घालतात, किंवा तळ मोकळा करून आजूबाजूच्या त्वचेच्या पातळीवर आणतात. तळ खालच्या तंतूंनी ओढून धरलेला असेल, तर सुईने ते तंतू कापतात. याला सबसिजन म्हणतात. वण विखुरलेले असतील, तर मायक्रोनीडलिंग किंवा फ्रॅक्शनल लेसरने सूक्ष्म जखमा करून कोलॅजनला चालना देतात. हायलुरोनिक ॲसिडच्या फिलरने खड्डा लगेच उचलला जातो, पण ते हळूहळू विरत असल्याने पुन्हा भरावे लागते.

भारतीय त्वचेत लेसरनंतर नवे काळे डाग पडण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो. त्यामुळे लेसरची तीव्रता बेताची ठेवणे आणि उपचारांच्या आधी व नंतर ऊन टाळणे गरजेचे ठरते. मायक्रोनीडलिंगमध्ये बाह्यत्वचा बरीचशी शाबूत राहत असल्याने हा धोका कमी असतो. बहुतेक पद्धतींना काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात आणि परिणाम महिन्यांनी दिसतो. खड्डा उथळ होतो, त्याची कड सौम्य होते, सावली पुसट होते. तो पूर्ण नाहीसा होण्याची हमी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही.

घरगुती उपायांपैकी काही थेट अपायकारक आहेत. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग आणखी गडद होऊ शकतात. व्हिटॅमिन ईचे तेल वणांवर फारसे उपयोगी ठरलेले नाही आणि काहींना त्याची ॲलर्जी येते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडयुक्त ‘गोरेपणाची’ क्रीम सर्वांत घातक: त्यांनी चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लाली आणि मुरुमे येतात आणि क्रीम थांबवताच त्रास उसळतो.

वण टाळण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे लस. जपानचे मिचिआकी ताकाहाशी यांनी 1974 मध्ये ती विकसित केली. भारतातील बालरोगतज्ज्ञ तिचे दोन डोस सुचवतात. लस घेऊनही कांजिण्या झाल्याच, तर त्या सहसा सौम्य असतात. फोड कमी उठतात, आणि त्यामुळे वण पडण्याची शक्यताही कमी होते.