दोष भाताचा की आणखी कशाचा?
 हल्ली लठ्ठपणाचं खापर भातावरच फुटतं. एक मत असं, की पिष्टमय अन्नाने इन्सुलिन वाढतं, चरबी साठते आणि म्हणून भूकही वाढते. जुनं मत सरळ आहे. खर्चापेक्षा जास्त उष्मांक पोटात गेले की वजन वाढणारच. अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांनी २० जणांना दोन-दोन आठवडे दोन तऱ्हांचे आहार मनसोक्त खाऊ दिले: एक पिष्टमय, दुसरा स्निग्ध. पिष्टमय, कमी स्निग्ध आहारावर इन्सुलिन वाढलं खरं, पण माणसं दुसऱ्या आहारापेक्षा रोज सुमारे ७०० उष्मांक कमीच जेवली! प्रयोग छोटा, तरी पहिल्या मताला हा धक्काच आहे.

लठ्ठपणाचं मूळ शोधताना मला अधिक पटतं ते पुण्याचं काम. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना आढळलं, की पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. तरीही आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू. म्हणजे चरबी साठवण्याचा कल गर्भातच सुरू होत असावा.

वजन कमी असलं तरी चरबी असू शकते, तेव्हा नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका, कंबर मोजा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका मानतात.