द्रव्यपरिचयासाठी भूमिदर्शन : एका प्रेअरीचा धडा

शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनात राहणारे लोक औषधींना नावाने व रूपाने ओळखतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात नमूद केले आहे. केवळ नामरूप जाणून वैद्याचे भागत नाही, हेही ते सांगतात. परंतु नामरूपच चुकले तर पुढील सारी योजना व्यर्थ होते. आज आपण नावे ग्रंथातून आणि द्रव्ये पोत्यातून ओळखतो. जमिनीत उभी असलेली वनस्पती मात्र नजरेआड झाली आहे.

याचा प्रत्यय आम्हांसही आला. सर्पगंधा म्हणून आमच्या औषधालयात आलेली मुळे वरकरणी निर्दोष होती. चूर्ण करण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली छेद पाहिला असता त्यात अश्मपेशी विपुल आढळल्या. खऱ्या सर्पगंधेच्या मुळात त्या नसतात. तो माल त्याच कुळातील दुसऱ्या रावोल्फिया जातीचा होता. रक्तदाबाच्या रुग्णास तो दिला गेला असता तर मात्रेचा सारा हिशेबच चुकला असता.

या संदर्भात अमेरिकेतील एक उपक्रम विचारार्ह वाटतो. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये १९३५ पासून, पूर्वी नांगरटीखाली व चराईखाली असलेल्या जमिनीवर, प्रेअरी म्हणजे तेथील मूळ तृणभूमी पुन्हा उभी करण्यात आली. महामंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी त्यासाठी श्रम केले. १९६२ साली तिला वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांचे नाव देण्यात आले. झुडपे व परकीय गवते माजू नयेत म्हणून तेथे नियंत्रित आग लावली जाते. प्रेअरीच्या वनस्पती जमिनीखालील मुळांतून पुन्हा फुटतात. आर्बोरेटमतर्फे जाणकार मार्गदर्शकासह निसर्गफेऱ्या काढल्या जातात.

वैद्याच्या दृष्टीने अशा फेरीचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एकिनेशिया हे प्रेअरी प्रदेशातील मूलनिवासींचे जुने औषध. पुढे त्याचा जगभर व्यापार झाला. त्या व्यापारात एकिनेशिया पर्प्युरियाच्या मुळात पार्थेनियम इंटेग्रिफोलियम या वनस्पतीच्या मुळाची भेसळ दीर्घकाळ होत राहिली. आपल्याकडील गाजरगवत याच पार्थेनियम प्रजातीतील होय. उन्हाळ्यात, फुलोऱ्याच्या वेळी, या दोन वनस्पतींत गल्लत होणेच अशक्य : एकीची फुले जांभळी व मोठी, दुसरीची पांढरी व बारीक, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी. जमिनीखालीही भेद आहेच. पहिलीचे मूळ तंतुमय, दुसरीचे जाड व गाठाळ. परंतु तुकडे करून वाळविलेल्या मालात फूल नसते आणि मुळाची ठेवणही उरत नाही. शेतात बालकालाही दिसणारा भेद गोदामात तज्ज्ञालाही चकवतो.

अशी भूमी शेतीलाही उपकारक ठरते. आयोवा राज्यात मका व सोयाबीनच्या क्षेत्रात केवळ १० टक्के जागेवर प्रेअरीचे पट्टे राखले असता वाहून जाणारा गाळ सुमारे ९५ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. औषधी वनस्पतींची लागवड करणाऱ्या निर्मात्यांनी बांधावर स्थानिक वनस्पती राखण्याचा विचार अवश्य करावा. मातीही टिकेल आणि ओळख पटविण्यासाठी जिवंत नमुनाही हाताशी राहील.

आमच्या सूचना थोडक्यात अशा :

१. प्रत्येक शाखेने ऋतुगणिक एक वनस्पतिदर्शन फेरी योजावी. सोबत वनस्पतिशास्त्राचे अध्यापक आणि त्या परिसरातील गुराखी वा वनवासी असे दोघेही असावेत.

२. फेरीत काहीही उपटू नये. मूळ काढले की बहुधा वनस्पतीच संपते.

३. तीच वनस्पती फुलोऱ्यात, फळावर आणि पाने गळल्यानंतर अशी तीनदा पाहावी. मूळ ग्रीष्मात किंवा शिशिरात घ्यावे, या कल्पस्थानातील निर्देशाचा अर्थ त्यानेच उमगतो.

४. माल घेताना पुरवठादारास स्थान, महिना व संग्राहक विचारावा आणि उत्तर नोंदवहीत लिहून ठेवावे. मुळांची सूक्ष्मदर्शक तपासणी चूर्ण करण्यापूर्वीच व्हावी.

रुग्ण आपल्या पुडीवर विश्वास ठेवतो, कारण पुडीतील द्रव्य वैद्याने ओळखले आहे असे तो मानतो. तो विश्वास खरा ठरविण्यासाठी वर्षातून चार दिवस शेताच्या बांधावर व माळावर घालविणे वैद्यबंधूंना जड वाटू नये.