टेबलाच्या अलीकडे

एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन दिल्लीत आले आणि भारताशी मुक्त व्यापार करार दिवाळीपर्यंत उरका, असे आपल्या अधिकाऱ्यांना बजावल्याचे सांगून गेले. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. तोवर जॉन्सन यांची खुर्ची गेली होती. त्यांच्या जागी आलेल्या लिझ ट्रस यांनी २० ऑक्टोबरला राजीनामा जाहीर केला आणि २५ तारखेला ऋषी सुनक पंतप्रधान झाले. कराराचा पत्ता नव्हता. वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली ती थेट ६ मे २०२५ रोजी. मधल्या काळात तीन दिवाळ्या आल्या आणि गेल्या, ब्रिटनने चार पंतप्रधान पाहिले, दोन्ही देशांत सार्वत्रिक निवडणुका झाल्या.

पुढाऱ्यांनी तारीख जाहीर करायची आणि अधिकाऱ्यांनी तिच्यामागे धावायचे, हा या धंद्याचा रिवाजच आहे. धावणारे लोक सहसा छायाचित्रात नसतात. भारतात ते बहुधा वाणिज्य खात्यातले सहसचिव किंवा अतिरिक्त सचिव असतात आणि एखाद्या कराराचे ‘मुख्य वाटाघाटीकार’ म्हणून त्यांची नेमणूक होते. बाहेरच्याला वाटते, हा माणूस दिवसभर परक्या देशाच्या प्रतिनिधींशी हुज्जत घालत असणार. प्रत्यक्षात त्याच्या दिवसातला मोठा वाटा स्वतःच्याच लोकांशी बोलण्यात जातो.

हे जुनेच सत्य आहे. १९७३ ते १९७९ या काळात चाललेल्या आंतरराष्ट्रीय व्यापार वाटाघाटींच्या ‘टोकियो फेरी’च्या शेवटच्या टप्प्यात रॉबर्ट स्ट्रॉस हे अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी होते. परदेशांशी वाटाघाटी करण्यात जितका वेळ गेला तितकाच आपल्याकडचे कारखानदार, कामगार संघटना आणि काँग्रेसचे सदस्य यांच्याशी वाटाघाटी करण्यात गेला, असे त्यांनी नंतर नमूद केले. पुढे अभ्यासकांनी यावर सिद्धान्त मांडले. दिल्लीतल्या अधिकाऱ्याला सिद्धान्ताची गरज नाही. त्याची सकाळच त्याची साक्ष देते.

दिल्लीत सकाळचे दहा वाजतात तेव्हा लंडनमध्ये हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. म्हणजे ब्रिटनचे पथक जागे होऊन पडद्यावर येईपर्यंत चार-पाच तास हाताशी असतात, आणि ते सगळे घरच्यांसाठी. कृषी मंत्रालयाला दूध, सफरचंद, खाद्यतेल या यादीला हातही लावू द्यायचा नसतो. अवजड उद्योग मंत्रालय मोटारींच्या बाजूने बोलते. महसूल विभाग शुल्क कमी झाल्यावर तिजोरीत किती खड्डा पडेल याचा हिशेब मागतो. औषधांच्या पेटंटचा विषय निघाला की आरोग्य खातेही खुर्ची ओढून बसते. भारताच्या सीमाशुल्काच्या वेळापत्रकात आठ आकडी संकेतांकाच्या सुमारे बारा हजार ओळी आहेत. प्रत्येक ओळीला कोणीतरी वाली असतो. शुल्क लगेच शून्य करायचे, पाच वर्षांत करायचे, दहा वर्षांत करायचे की ओळ वगळूनच टाकायची, हे त्या वाल्याला विचारून ठरवावे लागते. लग्नाच्या बोलण्यांना पाठवलेल्या मामाची जी अवस्था होते तीच या अधिकाऱ्याची: समोरच्या मंडळींना तो खंबीर दिसायला हवा आणि दर तासाला त्याने घरी फोनही करायला हवा.

स्कॉच व्हिस्कीचे उदाहरण घ्या. ब्रिटनच्या मागण्यांत ती अगदी वर होती. भारताचे आयात शुल्क १५० टक्के होते. करार लागू होताच ते ७५ वर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचे, असे शेवटी ठरले. पण बाटलीची दुकानातली किंमत एवढ्याने ठरत नाही. मद्यावरचे उत्पादन शुल्क राज्यांच्या अखत्यारीत आहे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे या वाटाघाटी सुरू होण्याआधीच, आयात स्कॉचवरचे हे शुल्क निर्मिती खर्चाच्या ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले होते, तेही स्वतःच्या महसुलाचा विचार करून. दिल्लीच्या अधिकाऱ्याला त्या निर्णयाचे श्रेय घेता येत नाही आणि दुसऱ्या एखाद्या राज्याने उद्या कर वाढवला तर त्याला ते थांबवताही येत नाही. त्याच्या अधिकाराची हद्द बंदरावर संपते.

दुपारच्या जेवणाआधी बहुधा उद्योगांची मंडळी भेटायला येतात. वाहनांचे सुटे भाग बनवणारे, कापड निर्यातदार, औषध कंपन्या. निर्यातदाराला करार कालच व्हायला हवा असतो आणि देशी बाजारावर जगणाऱ्याला तो कधीच नको असतो. शेतकरी मात्र या दालनात क्वचित दिसतो. त्याचा आवाज रस्त्यावरून येतो. आणि तो एकसुरी नसतो, हे महाराष्ट्राने सगळ्यांत आधी दाखवून दिले. गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या ‘उरुग्वे फेरी’त महासंचालक आर्थर डंकेल यांनी २० डिसेंबर १९९१ ला मसुदा ठेवला, तेव्हा देशभर ‘डंकेल’ हा शिवीसारखा शब्द झाला होता. उत्तर प्रदेशात महेंद्रसिंह टिकैत आणि कर्नाटकात प्राध्यापक नंजुंडस्वामी यांच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातल्या शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी मात्र मसुद्याला उघड पाठिंबा दिला. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कारभाराची त्यांना आतून ओळख होती. शेतकरी संघटना उभारण्यापूर्वी ते स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे जागतिक टपाल संघात नोकरीला होते. त्यांचा मुद्दा सरळ होता: १९८६ ते ८८ या काळातले भारताचेच आकडे शेतकऱ्याला मिळणारी मदत उणे असल्याचे दाखवत होते, म्हणजे सरकार शेतकऱ्याला देण्याऐवजी त्याच्याकडून घेत होते. मग अनुदान कपातीच्या अटीला भारतीय शेतकऱ्याने का घाबरावे? जोशी बरोबर होते की चूक, हा वाद तीस वर्षांनंतरही मिटलेला नाही. पण एकाच देशातले दोन शेतकरी नेते एकाच मसुद्याकडे बघून उलट निष्कर्ष काढतात तेव्हा ‘भारताची भूमिका’ तयार करणाऱ्याची दुपार कशी जात असेल, याचा अंदाज येतो.

दोनच्या सुमारास लंडन जागे होते.

भारत-ब्रिटन वाटाघाटींची पहिली फेरी कोविडमुळे पडद्यावरच झाली. २८ जानेवारी २०२२ ला ती संपली तेव्हा २६ विषयांवर ३२ बैठका झाल्या होत्या. जुलैअखेर पाचवी फेरी संपली. तिच्यात विषय १५ आणि बैठका ८५. दिवाळीची तारीख डोक्यावर असल्याचा हा परिणाम. विषय कमी झाले आणि बैठका वाढल्या, याचा अर्थ सोपे ते आटोपले आणि अवघड ते उरले. अशा बैठकीत भाषणे नसतात. पडद्यावर मसुदा असतो आणि ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसांत घातलेले असतात. कोणता शब्द कोणाचा, हे शेजारी देशाचे नाव लिहून दाखवलेले असते. दिवसाच्या शेवटी किती कंस उडाले एवढाच हिशेब. ‘करतील’ आणि ‘करण्याचा प्रयत्न करतील’ यांत कधी आठवडा जातो, कारण पहिल्या शब्दावर उद्या लवादाकडे जाता येते आणि दुसऱ्यावर जाता येत नाही.

कंस बैठकीतच उडतात असेही नाही. कित्येकदा ते चहाच्या वेळी, दोन मुख्य वाटाघाटीकार कोपऱ्यात उभे असताना उडतात. म्हणून समोरच्याची ओळख हे या कामातले भांडवल असते. ब्रिटनच्या बाजूने सुरुवातीला या वाटाघाटींची धुरा सांभाळणारे हरजिंदर कांग २०२३ मध्ये दक्षिण आशियाचे व्यापार आयुक्त आणि पश्चिम भारताचे उपउच्चायुक्त म्हणून मुंबईत आले. ज्या बाजारपेठेचे दार उघडायला भांडलो त्याच बाजारपेठेत राहायला येण्याची वेळ या धंद्यात फार थोड्यांवर येते.

मोठ्या करारांचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. अधिकाऱ्याचा दिवस खाणाऱ्या गोष्टी मात्र पुष्कळदा बोटाच्या पेराएवढ्या असतात. हापूसची कोय पोखरणारा सोंडकिडा त्यांतलाच. या किड्याच्या आणि फळमाशीच्या भीतीने अमेरिकेने भारतीय आंब्याला दारे बंद ठेवली होती. मार्च २००६ मध्ये जॉर्ज बुश दिल्लीत आले, भारत-अमेरिका अणुकराराच्या गदारोळात आंब्याचाही विषय निघाला आणि भारतीय आंबे खायला आपण उत्सुक आहोत, असे ते बोलून गेले. राष्ट्राध्यक्ष बोलले तरी किडा ऐकत नाही. फळावर किमान ४०० ग्रे इतक्या गॅमा किरणांची मात्रा द्यायची, हे ठरले ते पीक संरक्षणाच्या तज्ज्ञांच्या पातळीवर. सोय होती नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला. तिथले किरणोत्सर्ग प्रक्रिया केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारले होते. एप्रिल २००७ मध्ये लासलगावातून प्रक्रिया झालेला आंबा अमेरिकेला पोहोचला. या देवाणघेवाणीत हार्ली-डेव्हिडसनच्या मोटरसायकलींना भारताचे दार किलकिले झाले. कोकणातली बाग, लासलगावचे केंद्र आणि अमेरिकेतला मोटरसायकल कारखाना एकाच फायलीत आले, आणि त्या फायलीची मूळ अडचण होती कोयीतला किडा.

फाईल तिथे बंद झाली नाही. प्रत्येक हंगामात अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक इथे येऊन समोर प्रक्रिया होताना पाहणार, अशी अट होती. २०२० मध्ये कोविड आला, निरीक्षक विमानात बसू शकला नाही आणि निर्यात थांबली. पुढच्या वर्षीही तेच. अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीत झालेल्या भारत-अमेरिका व्यापार धोरण मंचाच्या बैठकीनंतर ‘दोनास दोन’ असा सौदा जमला: इकडून आंबा आणि डाळिंब, तिकडून चेरी आणि जनावरांच्या चाऱ्याचे लसूणघास. प्रक्रियेवरची देखरेखही टप्प्याटप्प्याने भारतीयांकडे द्यायचे ठरले. कोणाही मुख्य वाटाघाटीकाराने तरुणपणी लसूणघासाचे स्वप्न पाहिले नसेल, पण नोकरीतले कित्येक आठवडे अशाच गोष्टींनी भरतात.

दिल्लीच्या दिवसाला निदान संध्याकाळ असते. जिनिव्हाला तीही नसते. तिथे सरोवराकाठी, १९२६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी बांधलेल्या इमारतीत जागतिक व्यापार संघटनेचे मुख्यालय आहे. महासंचालकांच्या सभागृहाला ‘ग्रीन रूम’ म्हणतात. १६६ सदस्यांपैकी तीस-चाळीस जणांनाच तिथे बोलावणे जाते आणि प्रत्येक शिष्टमंडळाला मोजक्या खुर्च्या मिळतात. बाकीचे अधिकारी बाहेर मार्गिकेत, फोनवर, आतून काय येते त्याची वाट बघत बसतात.

जुलै २००८ मधला प्रसंग या मंडळींत अजून निघतो. २१ तारखेला संघटनेचे तेव्हाचे महासंचालक पास्कल लामी यांनी मंत्र्यांना जिनिव्हात बोलावले, वाटाघाटींच्या दोहा फेरीचा तिढा सोडवण्यासाठी. भारताचे वाणिज्यमंत्री कमलनाथ मात्र दिल्लीत अडकले होते, कारण २२ जुलैला लोकसभेत मनमोहनसिंग सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव होता. सुरुवातीला भारताची बाजू वाणिज्य सचिव जी. के. पिल्लई यांनी लावून धरली. आपले सरकार चार दिवसांनी असेल की नसेल हे ठाऊक नसताना समोरच्या मंत्र्यांना ठाम उत्तरे द्यायची, हे साधे काम नव्हे. सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी वाचले, कमलनाथ पोहोचले आणि अमेरिका, युरोप, ब्राझील, जपान, ऑस्ट्रेलिया, चीन, भारत अशा सात जणांचे रात्रंदिवस गुऱ्हाळ सुरू झाले. लामींच्या यादीत वीस विषय होते. अठरांवर मते जवळ आली. एकोणिसावा विषय होता शेतमालाची आयात एकाएकी वाढली तर विकसनशील देशांना शुल्क वाढवता यावे, या तरतुदीचा. आयात ४० टक्क्यांनी वाढली की मगच कमाल बांधील दर ओलांडता येईल, असा प्रस्ताव होता. तोवर शेतकरी उद्ध्वस्त झालेला असेल, म्हणून भारताला ही मर्यादा बरीच खाली हवी होती; अमेरिका सरकायला तयार नव्हती. २९ जुलैला चर्चा मोडली. विसावा विषय कापसाचा होता. विदर्भासाठी आणि आफ्रिकेतल्या कापूस उत्पादकांसाठी जो खरा महत्त्वाचा, त्यापर्यंत मंत्री पोहोचलेच नाहीत.

मध्यरात्र हे या व्यवसायातले हत्यारही आहे. सात वर्षे रेंगाळलेली उरुग्वे फेरी १५ डिसेंबर १९९३ ला संपली, कारण अमेरिकी काँग्रेसने आपल्या सरकारला दिलेल्या खास अधिकारांची मुदत त्या दिवशी संपत होती. मुदत पाळली नाही तरी परिणाम होतो, हे भारताने ३१ जुलै २०१४ ला दाखवले. सीमेवरचे सोपस्कार सुलभ करणारा करार त्या रात्री बारापर्यंत स्वीकारायचा होता. सरकारी धान्यसाठ्याच्या प्रश्नाचे काय, ते आधी सांगा, अशी भूमिका घेऊन भारताने संमती रोखली. जागतिक व्यापार संघटनेत निर्णय मतदानाने होत नाहीत, सर्वसंमतीने होतात. त्यामुळे एका ‘नाही’ने काम भागले. जगभरातून टीका झाली. नोव्हेंबरात अमेरिकेशी समझोता झाला आणि २७ नोव्हेंबरला करार मार्गी लागला. धान्यसाठ्यावरच्या कायमच्या तोडग्याची चर्चा मात्र पुढच्या बैठकांच्या कार्यसूचीवर राहिली.

भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ ला ब्रिटिश पंतप्रधानांच्या चेकर्स या निवासस्थानी सह्या झाल्या. मे ते जुलै या काळात दोन्हीकडचे कायदेतज्ज्ञ प्रत्येक स्वल्पविराम तपासत होते. भारतात अशा कराराला मंत्रिमंडळाची मंजुरी पुरते. ब्रिटनमध्ये तो संसदेच्या पटलावर ठेवावा लागतो.

वाणिज्य भवनात तोवर दुसरे घड्याळ लागले होते, अमेरिकेशी चाललेल्या वाटाघाटींचे. वॉशिंग्टनमध्ये उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा दिल्लीत संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ टक्के शुल्क लादले. २५ ऑगस्टपासून दिल्लीत व्हायची वाटाघाटींची फेरी रद्द झाली. १६ सप्टेंबरला अमेरिकेचे साहाय्यक व्यापार प्रतिनिधी ब्रेंडन लिंच एका दिवसासाठी आले आणि भारताचे मुख्य वाटाघाटीकार राजेश अग्रवाल यांच्याशी दिवसभर बोलले. त्या भेटीला ‘फेरी’ म्हणायचे नाही, एवढे मात्र सरकारने आधीच स्पष्ट केले होते.