परसातल्या कोंबडीचा दाणा कोणाच्या हाती?

शहरातील बाजारात ‘गावठी’ या एका विशेषणाला मोठी किंमत आहे. ते अंड्यामागे लागले की ग्राहक वाढीव भाव आनंदाने देतो आणि काहीतरी निर्भेळ घेतल्याच्या समाधानात घरी परततो. अंड्याचे कवच तपकिरी आहे एवढे तो पाहतो. पण तो रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो, शुद्धतेवर नव्हे. त्या कोंबडीने काय खाल्ले, हे कोणी विचारीत नाही. वस्तुतः अंड्याच्या शुद्धतेचा प्रश्न हा मुख्यतः दाण्याचा प्रश्न आहे. तो केवळ ग्राहकाच्या आरोग्याचाही नाही. खेड्यातील बाईच्या पदरात पडणाऱ्या चार पैशांचा आहे.

हा प्रश्न लहान नाही. २०१९ च्या पशुगणनेत परसातील कोंबड्या व इतर पक्ष्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली. २०१२ च्या गणनेपेक्षा ती जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. व्यावसायिक पक्ष्यांची वाढ याच काळात साडेचार टक्क्यांच्या आसपास होती. भूमिहीनाच्या आणि अल्पभूधारकाच्या अंगणात वाढणारे हे धन आहे, आणि त्याची राखण बहुधा बायकांकडे असते. मुलाची वही, आजारपणातले औषध, एस.टी.चे भाडे अशा कितीतरी गरजा या अंड्यांवर भागतात.

पूर्वी या कोंबडीला दाणा विकत आणावा लागत नसे. खळ्यावर सांडलेली ज्वारी, सुपातली पाखडण, उकिरड्यावरचे किडे, वाळवी आणि गवताचे बी यांवर तिचे भागे. ती वर्षाला पन्नास-साठ अंडी देई, पण त्यांचा खर्चही जवळजवळ शून्य असे. ही व्यवस्था दोन बाजूंनी ढासळली. मराठवाडा-विदर्भात खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, मळणी यंत्रावर गेली आणि तणनाशकांनी बांधावरचे बी संपविले. दुसरीकडे गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती आल्या. त्या अंडी जास्त देतात हे खरे. पण जास्त अंडी हवेतून येत नाहीत, त्यांना प्रथिने आणि चुना जास्त लागतो. योजनेतून पिल्ले मिळतात, ती वाढू लागतात आणि मग घरधनीण पोत्यातल्या तयार खाद्याच्या दुकानाशी येऊन उभी राहते.

त्या पोत्यात मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड असते. त्यांचा भाव गावात ठरत नाही. २०२१ साली पेंड इतकी कडाडली की केंद्र सरकारला ऑगस्टमध्ये जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी द्यावी लागली. पुढे इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली आणि २०२४ मध्ये आपला देश मोठ्या प्रमाणावर मका आयात करू लागला. या उलाढालीत दहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईचा आवाज कोण ऐकणार? शिवाय पोत्यात आणखी काय मिसळले आहे, हे तिला कळण्याची सोय नाही. माणसांच्या गंभीर रोगांवर अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक पशुखाद्यात वापरले जात होते. त्यावर बंदी घालावयास २०१९ चा जुलै उजाडला.

तेव्हा दाणा गावातच शोधला पाहिजे. मात्र गावातला दाणा म्हणजे आपोआप सेंद्रिय दाणा, ही समजूत भाबडी आहे. रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता पिकविलेले धान्यच सेंद्रिय होय. सरकीची पेंड गावोगाव मिळते; पण आपल्याकडचा बहुतेक सारा कापूस बीटी जातीचा असल्याने ती सेंद्रिय मानता येत नाही, आणि तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य कोंबडीला बाधक असते. एरंडीची पेंड तर विषारीच. याहून गंभीर गोष्ट पेरणीनंतर उरलेल्या रंगीत बियाण्याची आहे. बुरशीनाशक व कीटकनाशक चोळलेले ते बी वाया जाऊ नये म्हणून कोंबड्यांपुढे टाकणे म्हणजे विष आपल्याच ताटात वाढून घेणे होय.

मग योग्य दाणा कोठे मिळेल? थोडा हिशेब मांडू. एका कोंबडीस दिवसाला सुमारे १०० ग्रॅम खाद्य धरले तर दहा कोंबड्यांना रोज एक किलो, म्हणजे वर्षाला साडेतीन क्विंटलांहून थोडे अधिक लागते. मोकळे फिरून त्यांनी निम्मे मिळविले, तर पावणेदोन-दोन क्विंटलांचीच तजवीज उरते. शंभर किलोंच्या मिश्रणात ५५ किलो ज्वारी, बाजरी किंवा मका, १५ किलो भाताचा कोंडा, २० किलो घाणीवरची तिळाची किंवा शेंगदाण्याची पेंड, ४ किलो सुकी मासळी आणि ६ किलो शिंपल्यांचा चुरा घातला, तर प्रथिनांचे प्रमाण सुमारे १७ टक्के भरते. अंडी देणाऱ्या कोंबडीस ते पुरेसे आहे. कोंडा व कणी भातगिरणीत, चुरी डाळमिलमध्ये, पेंड तेलघाणीवर आणि शिंपले कोकणच्या किनाऱ्यावर मिळतात. मासळी मात्र खारवलेली नसावी. जास्त मीठ कोंबडीला मानवत नाही. घरचे सोयाबीन असल्यास ते भाजून वा शिजवूनच द्यावे, कारण कच्च्या दाण्यातील द्रव्ये प्रथिनांचे पचन रोखतात.

अॅझोलाचा अलीकडे बराच गाजावाजा झाला आहे. त्याच्या कोरड्या वजनात २० ते ३० टक्के प्रथिने असतात हे खरे. पण ताज्या अॅझोलात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. एक किलो ताजा अॅझोला म्हणजे प्रथिने जेमतेम १५-२० ग्रॅम. तो तोंडी लावण्यास उत्तम, त्यावर संसार चालणार नाही.

आणखी एक इशारा आवश्यक आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी दगावले, तेव्हा त्याचे कारण बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडले आणि ‘अफ्लाटॉक्सिन’ या विषाचा शोध लागला. ही बुरशी सेंद्रिय आणि रासायनिक असा भेद करीत नाही. पावसाळ्यात कुबट वास येणारी पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी नाकारलीच पाहिजे.

एकेकट्या घराला हे सारे जमणे कठीण आहे. दहा-वीस घरांच्या बचत गटाला ते सहज जमेल. सेंद्रिय शेती करणाऱ्यांकडून चाळणीखालचे धान्य सुगीतच ठरवून घ्यावे, पेंड एकत्र खरेदी करावी, मिश्रण एका गिरणीवर दळावे. प्रमाणपत्राचा मार्गही लहान माणसाला अगदी बंद नाही. २००१ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखेरीज शेतकऱ्यांच्या गटांनी परस्परांची तपासणी करण्याची सहभागी हमी पद्धत आहे, आणि २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनी दोन्हींना मान्यता दिली आहे. कृषी महाविद्यालयांनी नाममात्र दरात खाद्याचे नमुने तपासून दिले आणि पिल्लांची योजना आखणाऱ्यांनी पिल्लांआधी दाण्याची सोय पाहिली, तर निम्मे काम होईल.

उरलेले निम्मे काम ग्राहकाचे, म्हणजे तुमचे-आमचे आहे. अंडी विकणाऱ्या बाईशी भावाची घासाघीस करण्यापूर्वी ‘कोंबड्यांना काय घालता?’ एवढे विचारण्यास काही खर्च येत नाही. तिने ज्वारी, कोंडा, घाणीची पेंड अशी नावे घेतली, तर वरचे दोन रुपये तिच्या दाण्यासाठी आहेत असे समजून द्यावेत. दाणा गावाच्या हाती राहिला तरच ‘गावठी’ या शब्दाला काही अर्थ उरेल. एरवी ते केवळ भाव वाढविणारे विशेषण ठरेल.