निवडुंग म्हणजे नेमका कोणता?

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेस, आर्वी-कारंज्याच्या बाजूला, काळी जमीन मागे पडून मुरमाड बरड लागते. तेथे किंवा शेताच्या धुऱ्यावर काटेरी, मांसल झाड दिसले की मुले म्हणतात, "निवडुंग!" आम्हीही पुष्कळ दिवस एवढ्यावरच थांबत असू. पण हे एकच नाव दोन अगदी वेगळ्या कुलांतील वनस्पतींना दिले जाते.

आधी काटे पाहावेत. फड्या निवडुंगाचे काटे केसाळ ठिपक्यातून पुंजक्याने निघतात, सोबत बारीक कुसेही असतात. हे कॅक्टस कुल मूळचे अमेरिकेचे. थोराचे काटे मात्र जोडीने येतात. ती पानाच्या तळाशी असणाऱ्या उपपर्णांची बदललेली रूपे होत. थोर एरंडाच्या कुलातला आहे. कोरड्या हवेत पाणी साठवायची गरज सारखी, म्हणून रूप सारखे झाले, नाते नाही.

थोरातही प्रकार आहेत. फांदीला बहुधा तीन ठळक धारा असतील तर युफोर्बिया अँटिकोरम. उंचवट्यांच्या पाच रांगा पीळ घेत वर गेल्या असतील तर युफोर्बिया नेरिफोलिया. फांदी जवळजवळ गोल असेल तर युफोर्बिया निव्हुलिया. पाने पावसाळ्यात येतात व पुढे गळतात, म्हणून एकदाच पाहून निर्णय करू नये. फूलही फसवे असते: एक वाटणाऱ्या फुलात एका पेल्यात अनेक नरफुले आणि मधोमध एकच मादीफूल असते.

एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. 1795 मध्ये किरमिजी रंगासाठी ब्राझीलहून भारतात कीटक आणले, ते कोचिनीलचे खरे कीटक समजून. निघाले दुसऱ्याच जातीचे. रंग हलका मिळाला. उलट त्यांनी एका जातीच्या फड्या निवडुंगाचा फडशा पाडला. दुसऱ्या जातीला ते शिवलेही नाहीत. तिच्यासाठी 1926 मध्ये श्रीलंकेतून वेगळी कीटकजात आणावी लागली, आणि दक्षिण भारतातील मोठी क्षेत्रे मोकळी झाली.

एक सूचना कळकळीची. थोर मोडला की पांढरा चीक येतो, फड्यातून येत नाही. ओळखीची ही सर्वांत सोपी खूण, पण मुलांना ती करू देऊ नये. चीक डोळ्यात गेल्यास दृष्टीला इजा होते. लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवून डॉक्टरांकडे न्यावे. काट्यांची मांडणी, धारांची संख्या, उंची, जागा आणि तारीख वहीत लिहावी, फांदीचे चित्र काढावे. झाड उपटू नये. पावसाळ्यात पाने पाहायला त्याच धुऱ्यावर पुन्हा जायचे आहे.