पास्ता चिकटतो तो कशामुळे?

स्पॅगेटीच्या कोरड्या काड्या उकळत्या पाण्यात पडल्या, म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावरील पिष्टकण सर्वांआधी पाणी शोषू लागतात. ते फुगतात, त्यांतील काही फुटतात, आणि अमायलोज नावाचे लांब साखळीचे पिष्ट बाहेर झिरपून प्रत्येक काडीवर दाट खळीचा लेप चढवते. नेमक्या याच वेळी दोन काड्या एकमेकींना टेकून स्वस्थ पडून राहिल्या, तर त्यांचे लेप एकजीव होतात, उष्णतेने भोवतालचे प्रथिन घट्ट होताच तो सांधा कायमचा बसतो, आणि मग ढवळून सांधा सुटत नाही, काडी मात्र तुटते. पहिली दोन-तीन मिनिटे निभावली, की सुटे पिष्ट पाण्यात उतरते व धोका पुष्कळच ओसरतो.

पिष्टाला आवर घालणारे द्रव्य म्हणजे ग्लूटेन. ड्युरम जातीच्या कठीण गव्हाचा रवा मळून साच्यातून दाबून काढला, की या प्रथिनाचे जाळे पिष्टकणांना वेढून राहते, आणि ते जितके मजबूत तितके पिष्ट कमी निसटते. इटलीने १९६७ साली कायदा करून आपल्या देशातील सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असावा असे फर्मावले. त्या हुकुमाचे मोल उकळत्या पातेल्यात प्रत्ययास येते. आपल्याकडचा बन्सी गहूही याच जातीचा.

शंभर ग्रॅम पास्त्यास एक लिटर पाणी व दहा ग्रॅम मीठ, हा इटालियन घरांतला रूढ दस्तूर. त्यातले मीठ केवळ रुचीसाठी. विपुल पाण्यात मात्र पिष्ट विरळ होते आणि पास्ता पडताच पाण्याचे तापमान कमी उतरते. तथापि पाककलेमागील विज्ञानावर लिहिणारे अमेरिकन लेखक हॅरॉल्ड मॅकगी यांनी २००९ साली दाखवून दिले, की वारंवार ढवळण्याची दक्षता घेतल्यास याहून पुष्कळच कमी पाण्यातही पास्ता सुटा शिजतो. म्हणून खरा इलाज आरंभीच्या ढवळण्यात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्यात तेल घालण्याची मसलत सर्वत्र दिली जाते, परंतु तेल पाण्याहून हलके असल्याने वर तरंगत राहते, तळाशी शिजणाऱ्या काड्यांना त्याचा उपयोग नाही. उलट निथळताना तेच अंगाला लागून पुढे सॉस घसरू लागतो.

दुसरे संकट निथळल्यानंतरचे. पाणी उडून जाते, पास्ता निवू लागतो, आणि पृष्ठभागावरील पिष्टाचे रेणू पुन्हा एकत्र येऊन काड्यांना जखडतात. यास्तव सॉसची तजवीज आधीच करून, किंचित कच्चा असतानाच पास्ता त्यात घालावा व त्याच्याच गढूळ पाण्याचा एक डाव वर ओतून तो हलवीत शिजवावा. सांधे जोडणारे तेच पिष्ट आता स्निग्धांश आणि पाणी यांना एकत्र धरून सॉस दाट करते. हे उपयोगी पिष्ट गार पाण्याखाली धुऊन टाकणे गरम पास्त्याच्या बाबतीत सर्वस्वी अनुचित होय; थंड सॅलडसाठी मात्र पास्ता अवश्य धुवावा, पूर्ण निथळू द्यावा, आणि ऑलिव्ह तेलाचा हात त्याला तेव्हा लावावा.