यंत्रगुरूची परीक्षा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बी.ए.च्या एका विद्यार्थिनीचा निबंध हाती पडला आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचू लागलो. विषय महानुभाव गद्य. शुद्धलेखनाची एक चूक नाही, मुद्दे कसे ओळीने उभे! सकाळच्या एस.टी.ने कॉलेजात येणारी, ‘तुले-मले’ बोलणारी ही शेतकऱ्याची मुलगी. मी मनाशी निकाल देऊन मोकळा झालो : हे काम त्या एआयचे.

भर वर्गात विचारले, “हे लिहिलं कोणी?”

“मीच, सर.”

मग मी उलटतपासणी घेतली. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’साठी चक्रधरांच्या आठवणी कशा गोळा केल्या, हे तिने इतके नीट सांगितले की, मान मलाच खाली घालावी लागली.

“यंत्र वापरलंस?”

“वापरलं ना, सर. धडा वाचून झाला की त्याले म्हणते, मले पाच प्रश्न विचार. चुकलं तर काऊन चुकलं तेवढंच सांग. उत्तर लिहून देऊ नको.”

शिकवणी लावण्याची तिची ऐपत नाही. रात्री अकराला तीच शंका तीनदा विचारली तरी न खेकसणारा शिक्षक तिला प्रथमच भेटला होता!

त्याच संध्याकाळी आमच्या चिरंजीवांनी बाळापूरच्या किल्ल्यावरचा आपला शाळेचा प्रकल्प दाखवला. यंत्राकडून दहा मिनिटांत लिहून घेतलेला. पहिलेच वाक्य : हा किल्ला मिर्झाराजे जयसिंगाने बांधला! अहो, मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा हा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केला, आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ साली पुरा केला. जयसिंगाची आहे ती गावातली छत्री. दोन्ही वास्तू लहानपणापासून पाहिलेला मुलगा, पण विश्वास ठेवला यंत्रावर.

दोष नुसता त्याचा नाही. हे यंत्र अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता शोभेल, याचा अंदाज बांधते. जिथे मजकूर विपुल, तिथे अंदाज बहुधा बरोबर येतो. बाळापूरसारख्या गावाविषयी लिहिलेलेच थोडे. तिथे माहिती आटते, भाषेचा ओघ मात्र आटत नाही. चूकही तितक्याच ऐटीत सांगितली जाते.

म्हणून पालकहो, यंत्र निवडताना जाहिरात पाहू नका. आपल्याला पक्के ठाऊक असलेले चार प्रश्न त्याला आधी विचारा. आपल्या गावाचे, आपल्या पाठ्यपुस्तकातले. काही साधने आपण दिलेल्या टिपणांतूनच उत्तर काढतात आणि ते कुठून घेतले ती जागा दाखवतात; अभ्यासाला ती अधिक बरी. तरीही नावे आणि सने ताडून पाहावीत. मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. आणि मुख्य म्हणजे, यंत्राने मुलाला प्रश्न विचारावेत; मुलासाठी उत्तरे लिहू नयेत.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची भर वर्गातच क्षमा मागितली. रविवारी चिरंजीवांना वही देऊन आधी किल्ल्यावर आणि मग छत्रीकडे पिटाळले. दुपारी परत आला तो विचारत, “बाबा, जयसिंगानं छत्री नदीकाठीच का बांधली असेल?”

हा प्रश्न मात्र त्याचा स्वतःचा होता.